खाऱ्या पाण्यातलं भात

माझ्या दोन भावांचं भांडण एका माशावरून झालं असं सांगितलं की बाहेरची माणसं हसतात. खाडीकाठच्या आमच्या खारेपाटात कुणी हसत नाही. इथे शेताच्या कोपऱ्यात तळं असतं, तळ्यात जिताडा वाढवतात, आणि कित्येक पावसाळे पोसलेला जिताडा म्हणजे घरातलंच माणूस. असा एक जिताडा माझ्या मोठ्या भावानं, जयवंतनं, हातानं चारून मोठा केला होता. धाकट्या हेमंतनं तो न विचारता काढला आणि मुलीच्या साखरपुड्याला पाहुण्यांच्या ताटात वाढला. जयवंत साखरपुड्याला गेला नाही. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद.

मी मधली. माझं सासरही याच देवळीखार गावात, माहेरच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. गावच्या शाळेत मी विज्ञान शिकवायचे, आणि शाळा सुटली की या घरचे निरोप त्या घरी पोचवायचे. दोघंही पन्नाशी ओलांडलेले, दोघांचीही डोकी पांढरी, आणि मी पोस्टमन. मला चीड यायची, पण दोघांवर जीवही होता. त्यांनी एकदा एकमेकांशी धड बोलावं, एवढीच माझी इच्छा राहिली होती.

वर्षातून काही दिवस मात्र ते बोलायचे, कारण बोलल्यावाचून भागायचं नाही. आमची शेतं खाडीच्या भरतीपेक्षा खाली. मध्ये मातीचा बांध, त्याला पाणी सोडायची लाकडी झडप, तिला आम्ही उघाडी म्हणतो. बांध आहे तोवर शेत आहे. उधाणाला बांध फुटून खांड पडली की ज्यानं पाहिली त्यानं ओरडायचं आणि घरटी एका माणसानं धावायचं. कुणाला बोलावणं जात नाही. चिखलाचे गोळे हातोहात खांडीपर्यंत जातात, आणि त्या रांगेची आमच्या पूर्वजांनी एक रीत घालून दिली आहे: ज्यांचं पटत नाही त्यांना शेजारीशेजारी उभं करायचं. ओला चिखल न बोलता हातात देता येत नाही, तो पायावर पडतो. माझे दोघे भाऊ कायम शेजारी असायचे. उन्हाळ्यातल्या डागडुजीलाही तसंच. तेवढ्यावर मी वर्ष काढायचे.

हेमंतची ती मुलगी म्हणजे स्वरांगी. लग्नानंतरही शिकत राहिली आणि भाताच्या संशोधनात गेली. २०४४ च्या उन्हाळ्यात ती गावात आली ती बियाण्याच्या पिशव्या घेऊनच. समुद्र चढत होता, खांडी वाढल्या होत्या, दर वर्षी कुणाचं ना कुणाचं शेत खाऱ्या पाण्यानं जळत होतं. आमचा राता, म्हणजे जुनं लाल भात, थोडं खारं सोसतो, पण खाडीच्या पाण्यात उभा राहत नाही. स्वरांगीचं भात राहणार होतं.

कसं, ते तिनं देवळाच्या मंडपात समजावलं आणि नंतर लोकांनी मला पुन्हा विचारलं, म्हणून मी शाळेच्या फळ्यावर काढून दाखवलं. प्रत्येक पेशीत बारीक बारीक तंतुकणिका असतात, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया. त्या पेशीच्या चुली. साखर जाळून त्या कामाला लागणारी ऊर्जा तयार करतात. त्यांची स्वतःची थोडीशी जनुकं असतात आणि ती फक्त आईकडून येतात, परागातून येत नाहीत. तंतुकणिकेच्या आत एक पडदा असतो. साखर जळते तसे पडद्याच्या एका बाजूला विद्युतभारित कण दाटतात, भरतीचं पाणी बांधाबाहेर दाटतं तसे. पडद्यात एक झडप असते, कण तिच्यातून आत येतात, येताना एक चाक फिरवतात आणि त्या फिरण्यातून ऊर्जा बनते. हे सांगताना मी उघाडीचंच चित्र काढलं. मागच्या बाकावरचे म्हातारेसुद्धा मान हलवू लागले.

आता, नेहमीच्या भातात हा पडदा थोडा गळका असतो. बरेच कण चाक न फिरवता पाझरून जातात आणि ती ऊर्जा वाया जाते. झडपेचा एक भाग बनवणारं जनुक तंतुकणिकेतच असतं. स्वरांगीच्या गटानं खाजणात, म्हणजे खाडीकाठच्या दलदलीत, वाढणाऱ्या रानटी भाताच्या आधारानं ते जनुक असं बदललं की गळती जवळजवळ थांबली. तेवढ्याच साखरेत जास्त ऊर्जा. मुळांत शिरलेलं मीठ बाहेर फेकत राहणं हे फार खर्चाचं काम, ते या भाताला परवडू लागलं.

तिनं आणखीही सांगितलं होतं, आणि ते मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. हे भात खांड पडलेल्या वर्षी तगून राहण्यासाठी आहे, बांध सोडून देण्यासाठी नाही, असं ती म्हणाली. ती गळती अगदीच निरुपयोगी नसते, फार उकाडा झाला की तीच दाब उतरवते. म्हणून रात्री खूप तापल्या तर या भाताचं काय होईल ते पुरतं तपासून झालेलं नाही, असंही म्हणाली. दर काही शेतांआड एक पट्टा रात्याचा ठेवा, अशी तिनं विनंती केली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या कुठल्या वाक्याला होत्या ते मला तेव्हाही कळलं होतं.

जयवंतनं बियाणं घेतलं नाही. मी त्याच्याकडे गेले तेव्हा तो जाळं विणत बसला होता. त्यानं मान वर न करता सांगितलं, "त्याच्या पोरीच्या भातावर मी जगनार नाय, बाय. मना माजा राता पुरं." मी त्याला समजावलं, ओरडले, पोरीचा काय दोष म्हणून विचारलं. तो जाळं विणत राहिला.

पहिल्याच पावसाळ्यात खांड पडली. सगळे धावले, सवयच ती, पण बांध जोडेपर्यंत पाणी आठवडाभर शेतात होतं. जयवंतचा राता निम्मा पिवळा पडला आणि शेजारी हेमंतचं भात पोटरीएवढ्या खाऱ्या पाण्यात हिरवंगार उभं. भरती आली की खेकडे त्याच्या बुंध्यांतून फिरायचे. लोक मोबाईलवर फोटो काढायला यायचे. त्या वर्षी गावात पूर्वी कधी नाही असं भात पिकलं, आणि हेमंत छाती पुढे काढून चालायला लागला. मला त्याचा अभिमान वाटला आणि रागही आला.

पुढचा उन्हाळा आला तेव्हा बांधाच्या डागडुजीला निम्मी माणसं आली. कुणाची पाठ दुखत होती, कुणाच्या मुलाला पनवेलहून सुट्टी नव्हती. कारणं खरीच होती. पूर्वीही असायची, फक्त पूर्वी ती कुणी सांगत नसे. त्याच्या पुढच्या वर्षी पंचांनी ठरवून टाकलं की डागडुजी गरज पडेल तशी करू. गरज कुणाला उरली नव्हती. पाणी आत आलं तरी भात उभं राहत होतं, मग उन्हातान्हात चिखल कुणी वाहायचा? भांडलेली माणसं भांडलेलीच राहिली. गावात नवी भांडणंही झाली आणि ती मोडायला जागा उरली नाही. माझे भाऊ त्या अख्ख्या वर्षात एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत.

बांध हवा होता तो एकट्या जयवंतला. तो पहाटे फावडं घेऊन जायचा आणि आपल्या शेतासमोरचा तुकडा चोपत बसायचा. मी कधी कधी सोबत गेले. माझे गुडघे संपलेले, एक घमेलं वर चढवेपर्यंत दम लागायचा. बाजूचा बांध तर कुणीच चोपत नव्हतं, मग याचा तुकडा कितीही मजबूत केला तरी उपयोग काय? मी तसं म्हटलं. त्याला ते कळत होतं. तो म्हणाला की बसून राहण्यापेक्षा बरं.

भाद्रपदातल्या अमावास्येचं उधाण भर दुपारी आलं. हेमंतच्या शेतासमोर बांध खचला आणि बघता बघता खांड पडली. जयवंत ओरडला. मी माझ्या ओट्यावरून ऐकलं, म्हणजे गावानंही ऐकलं असणार. रीतीप्रमाणे धावले ते दोनचार म्हातारे, आणि त्यांतलेही एकदोघं वाटेतच थांबून बघत राहिले.

मी हेमंतच्या घरी गेले. तो जेवून उठला होता. मी म्हटलं, चल. तो म्हणाला, "ताय, माजं भात त्या पान्यात उभं हाय. त्याचंपन उभं ऱ्हायलं असतं, पोरीनं दारात नेऊन दिलं व्हतं." मी म्हटलं, आता ते काढू नकोस, नुसता चल. त्याचा चेहरा उतरला. त्याला यायचं होतं, हे मी त्याच्या बहिणीच्या नात्यानं सांगते. त्यानं फावड्याकडे दोनदा पाहिलं. मग म्हणाला, "त्याला बोल, मना हाक मार. एक हाक. मी आलो."

मी धडपडत बांधावर परत आले. जयवंत कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून पोती टाकत होता आणि पोती वाहून जात होती. मी वरूनच सांगितलं की हेमंत यायला तयार आहे, तू फक्त हाक मार. त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं.

"खांडीला कोनी कोनाला बोलवत नाय," तो म्हणाला. "खांडच बोलवते."

मी दोघांना शिव्या दिल्या. मास्तरणीच्या तोंडी शोभणार नाहीत अशा दिल्या. ओहोटी लागेपर्यंत ती खांड बैलगाडी जाईल एवढी रुंद झाली होती, आणि पुढच्या भरतीला ती मापाबाहेर गेली. जयवंतचा राता टोकांपासून करपत खाली आला. आठवड्याभरात त्याच्या शेतात गवताची काडीसुद्धा हिरवी नव्हती. चहूबाजूंनी मात्र गावाचं भात डुलत होतं, आणि त्या वर्षीही ते छान पिकलं. सुगीच्या दिवसांत जयवंत घराबाहेर पडला नाही.

पुढच्या पावसाळ्यात त्यानं काहीच पेरलं नाही. करपलेल्या पिकाच्या आधीच्या सुगीचं रात्याचं बियाणं कणगीत तसंच ठेवलं, वरून कडुलिंबाचा पाला बदलत राहिला. स्वरांगी मुद्दाम त्याच्याकडे गेली, मोठे काका, निदान या वर्षी माझं लावा म्हणाली. तिला त्यानं चहा दिला, तिच्या बाळाची चौकशी केली आणि नाही म्हणून सांगितलं. ती माझ्याकडे येऊन रडली. आता गावात रात्याचा एकही पट्टा नाही, याचीच तिला काळजी वाटत होती. पंचांना ती त्याबद्दल परत बोलली. पंच म्हणाले, बघू.

त्या वर्षी पाऊस लवकर उघडला आणि रात्री थंड व्हायचंच विसरल्या. भात नुकतंच निसवत होतं, लोंब्या बाहेर पडत होत्या. पंख्याखालीसुद्धा अंगाला घाम, अंगणात झोपावं तर वारा पडलेला. भात दिसायला मात्र कधी नव्हतं इतकं जोमदार, पानं रुंद, लोंब्या लांब. लोक खूश होते. लोंबीत दाणा भरला की ती मान खाली घालते. या लोंब्या ताठच राहिल्या. दिवस गेले तरी ताठ. एका सकाळी हेमंतनं लोंबी ओरबाडून तळहातावर चोळली आणि फुंकर मारली. हातावर काही राहिलं नाही. सगळं पळंज, नुसती टरफलं.

स्वरांगी आली ती सूक्ष्मदर्शक घेऊनच. शेवटची थोडी फुलं मिळाली त्यांतले पराग तिनं मला दाखवले. धड परागकण गोल आणि भरलेले असतात. हे वाळलेल्या मिरीसारखे सुरकुतलेले होते. परागाभोवती पेशींचा एक थर असतो, तो पराग वाढवतो, आणि अख्ख्या झाडात सगळ्यात जास्त तंतुकणिका तिथेच. उकाड्यात त्या चुली भडकल्या, आणि दाब उतरवणारी गळती तर आपण बुजवलेली. तो थर आतूनच जळाला. बाकी झाड निरोगी, बीजांडंसुद्धा निरोगी. फक्त पराग मेले, एका गावचे सगळे, कारण सगळ्या भाताची आई एकच.

हेमंत बांधावर उकिडवा बसून ऐकत होता. त्यानं विचारलं की बीजांडं जिवंत होती म्हणजे काय. स्वरांगी सूक्ष्मदर्शक पुसत बसली. तिला ते सांगायचं नव्हतं हे मला दिसलं. बापानं पुन्हा विचारलं तेव्हा तिला सांगावं लागलं. बीजांडं दुसऱ्या भाताचा पराग घ्यायला तयार होती. रात्याचे पराग असल्या उकाड्यात मरत नाहीत. संकरित बियाणं करताना दोन माणसं दोराची दोन टोकं धरून फुलोऱ्यावरून ओढत नेतात, पराग उडतात आणि शेजारच्या पिकावर पडतात. सगळं नाही, पण बरंचसं भात भरलं असतं. तिनं तेवढ्यावर थांबायचा प्रयत्न केला.

"दादूसचं शेत उभं असतं तर," जयवंतच्या ओसाड शेताकडे बघत हेमंत म्हणाला.

"हो, बाबा," ती म्हणाली.

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला तर त्यानं तो बाजूला केला.

मग गाव जागं झालं, नेहमीप्रमाणे उशिरा. पंचांनी बांध पुन्हा घालायचं ठरवलं, घरटी माणूस, पूर्वीसारखं. तालुक्याचा अभियंता येऊन बघून गेला. खांडीची आता खाडी झाली होती, भरतीला तिच्यातून होड्या आत येत होत्या. मातीच्या गोळ्यांनी बुजणारी ती गोष्ट राहिली नाही, असं तो म्हणाला, आणि सरकार एवढ्याशा गावासाठी काँक्रीट ओतेल असं त्याला वाटत नव्हतं. स्वरांगीनं जयवंतकडून मूठभर राता मागून घेतला आणि गावातल्या वेगवेगळ्या शेतांची माती भरलेल्या कुंड्यांत लावून माझ्या ओट्यावर ठेवला. आम्ही गोडं पाणी घालत होतो. एकाही कुंडीतून मोड वर आला नाही. तीन पावसाळे समुद्र प्यायलेली माती ती. विहिरींचं पाणीही तोवर मचूळ झालं होतं, आणि नव्या भाताच्या भरवशावर पुन्हा राहायची कुणाची तयारी नव्हती.

दिवाळीनंतर माणसं निघू लागली. हेमंत मुलीकडे जाणार असं ठरलं. जयवंतनं कुठे जायचं ते सांगितलं नव्हतं, बहुतेक त्यालाच माहीत नव्हतं. हेमंत जायच्या आदल्या दिवशी मी दोघांनाही दुपारी जेवायला बोलावलं, एकाला दुसऱ्याचं न सांगता. एवढी लबाडी मी आयुष्यात पहिल्यांदाच केली.

जयवंत आधी आला, खांद्यावर पोतं घेऊन. कणगीतला राता त्यानं गिरणीतून सडून आणला होता. लाल तांदूळ, हातात घेतल्यावर अजून चकाकत होता. मी म्हटलं, दादा, हे बियाणं होतं. मी रेशनचा तांदूळ चुलीवर ठेवलाय. तेवढ्यात हेमंत दारात उभा राहिला. दोघांनी एकमेकांना पाहिलं. मला वाटलं, आता एकजण परत फिरणार. हेमंतची नजर पोत्यावर गेली आणि तोही तेच म्हणाला, मला उद्देशून, की बियाणं शिजवू नये.

जयवंतनं त्याच्याकडे तोंड केलं. "पेरायचं व्हतं कुठं ते सांग," तो म्हणाला, "मग नको शिजवू."

हेमंतनं चपला काढल्या. तो आत येऊन बसला. मी रेशनचा भात उतरवून ठेवला आणि राता धुवायला घेतला. शिजताना त्याचा वास घरभर पसरला. आमच्या लहानपणी सुगीला असाच यायचा. मी चुलीपाशीच तोंड फिरवून बसले.

मी दोघांची ताटं मांडली. मग जयवंतनं विचारलं, "पोर कशी हाय?"

"रडते," हेमंत म्हणाला. "सगलं तिच्यामुलं झालं बोलते."

"तिला सांग, तिनं सांगितलं व्हतं. आमी ऐकलं नाय." जयवंतनं घास कालवला. "मीपन ऐकून राता लावला नव्हता. तुजा राग व्हता म्हनून लावला."

हेमंतनं घास खाली ठेवला. "त्या दिवशी हाक मारली असतीस तर मी आलो असतो, दादूस."

"ठाऊक व्हतं," जयवंत म्हणाला.

पुढे दोघंही जेवत राहिले. किती वर्षांनी ते एका पंगतीला बसले होते आणि एकमेकांशी बोलत होते. मी देवाकडे एवढंच मागितलं होतं. हेमंतनं ताट पुढे केलं, मग जयवंतनंही केलं. पातेल्यात थोडाच राता उरला होता. मी तो दोघांना सारखा वाढला.